नंबर पॅड हवा की नको, आणि हवा तर कोणत्या हाताला: आकड्यांचे काम करणाऱ्यांसाठी कीबोर्डची निवड आणि मांडणी

नवा कीबोर्ड घेताना दुकानात पहिला प्रश्न किमतीचा असतो, दुसरा तारेचा की बिनतारी हा असतो, आणि उजव्या टोकाला आकड्यांच्या १७ कळांचा जो चौकोन, म्हणजे नंबर पॅड, असतो त्याच्याविषयी बहुधा कोणी विचारतच नाही. तो असला तर असतो, नसला तर नसतो. मी अनेक वर्षे छोट्या व्यापाऱ्यांचे जमाखर्च लिहिते, आणि माझाही हाच समज होता. एका मार्चअखेरीस बिलांचा ढीग उपसताना उजवा खांदा इतका दुखू लागला की संध्याकाळी केस विंचरण्यासाठी हात वर जाईना. तेव्हा पहिल्यांदा मी टेबलावर पट्टी ठेवून कोणती वस्तू कुठे आहे हे मोजले. दोष नंबर पॅडचा नव्हता आणि माउसचाही नव्हता. दोन्ही एकाच बाजूला, एकापुढे एक मांडले होते, हा दोष होता. म्हणूनच नंबर पॅड हवा की नको या प्रश्नाइतकाच तो कुठे हवा हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर प्रत्येकाच्या कामावर, हातावर आणि सवयीवर अवलंबून आहे. ते शोधण्याची रीत पुढे क्रमाने दिली आहे.

पहिली पायरी: आपण आकडे किती आणि कसे लिहितो हे पाहणे

खरेदीआधी नेहमीच्या कामाचे चार-पाच दिवस एक कागद शेजारी ठेवावा आणि दर तासाला त्यावर खूण करावी: या तासात सलग आकडे भरले, मजकुरात अधूनमधून आकडे आले, की आकड्यांचा संबंधच आला नाही. सलग आकडे म्हणजे बिलांच्या रकमा, बँकेच्या पासबुकातील नोंदी, मालाची यादी, गुणपत्रके, पगारपत्रक. अधूनमधून येणारे आकडे म्हणजे पत्रातील तारीख, पिनकोड, फोन नंबर.

हा फरक का करायचा, ते हाताच्या अंतरावरून कळते. प्रमाण कीबोर्डवर एका कळेच्या मध्यापासून पुढच्या कळेच्या मध्यापर्यंत १९.०५ मिलिमीटर अंतर असते. त्या हिशेबाने उजव्या हाताची तर्जनी जिथे विसावते त्या जे या कळेपासून नंबर पॅडवरील ४ पर्यंतचे अंतर सुमारे साडेवीस सेंटिमीटर भरते. पत्राच्या मध्येच तारीख लिहिण्यासाठी हात साडेवीस सेंटिमीटर नेऊन परत आणण्यापेक्षा अक्षरांच्या वरच्या ओळीतले आकडे दाबणे केव्हाही सोपे. याउलट ४० बिले ओळीने भरायची असतील तर हात एकदाच तिकडे जातो आणि तिथेच राहतो. मग वरच्या ओळीवर दहा बोटे पसरण्यापेक्षा पॅडच्या लहानशा चौकोनात तीन बोटे फिरवणे कितीतरी वेगवान ठरते. माझ्या मते दिवसातून अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ सलग आकडे भरणाऱ्याने नंबर पॅड घ्यावाच. मुख्यतः लेखन, भाषांतर किंवा प्रोग्रॅमिंग करणाऱ्याने त्याचा आग्रह धरू नये.

मात्र नंबर पॅडवर सर्वांचे काम आकड्यांचेच असते असे नाही. एनव्हीडीए हा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीसाठी हा चौकोन म्हणजे पडद्यावरचा मजकूर चाचपण्याचे साधन असते: ७, ८ आणि ९ या कळांनी अनुक्रमे मागची, सध्याची आणि पुढची ओळ ऐकता येते. अशा व्यक्तीला पॅड नसलेला लॅपटॉप दिला तर तिला लॅपटॉपसाठी असलेली वेगळी कळरचना शिकावी लागते. ब्लेंडर या प्रोग्रॅममध्ये त्रिमितीय चित्रे करणाराही १, ३ आणि ७ दाबून समोरून, उजवीकडून आणि वरून असे दृश्य बदलत असतो. घरातल्या किंवा कार्यालयातल्या दुसऱ्या कोणासाठी कीबोर्ड घेत असाल, तर त्या व्यक्तीला हे आधी विचारावे.

दुसरी पायरी: पट्टी घेऊन टेबल मोजणे

कीबोर्डवरच्या जी आणि एच या कळांमधली रेघ आपल्या नाभीसमोर यायला हवी, म्हणजे दोन्ही हात सारख्याच कोनात येतात. १०४ कळांच्या पूर्ण कीबोर्डवर बहुतेक लोक नकळत संपूर्ण कीबोर्डचा मध्य स्वतःसमोर ठेवतात. हा मध्य अक्षरांच्या मध्यापासून साडेआठ सेंटिमीटर उजवीकडे असतो, त्यामुळे अक्षरे लिहिताना दोन्ही हात दिवसभर डावीकडे वळलेले राहतात.

अक्षरांचा मध्य नीट समोर आणला की दुसरी अडचण उभी राहते. त्या मध्यापासून कीबोर्डचे उजवे टोक सुमारे ३० सेंटिमीटरवर असते आणि माउस त्याच्याही पलीकडे जातो. नंबर पॅड नसलेल्या ८७ कळांच्या कीबोर्डवर हेच अंतर २२ सेंटिमीटर असते. आठ सेंटिमीटरचा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण माउससाठी कोपर अंगापासून सतत बाहेर ठेवावे लागते आणि तो भार खांद्याचे स्नायू दिवसभर वाहतात. खुर्चीवर बसा, कोपर बरगडीला टेकवा आणि हात सरळ पुढे करा. जिथे पंजा पडेल तिथे माउस असला पाहिजे. माझा माउस त्या जागेपासून एक वीत लांब होता.

तिसरी पायरी: मांडणी निवडणे

पॅड नको असेल तर निवड सोपी आहे: ८७ कळांचा कीबोर्ड घ्यावा. त्याहून लहान, ६१ कळांच्या कीबोर्डवर बाणांच्या आणि एफ-१ ते एफ-१२ च्या वेगळ्या कळा नसतात, आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ-५ ने पेमेंट, एफ-८ ने सेल्स असे व्हाउचर उघडणाऱ्याला प्रत्येक वेळी जोडकळ दाबावी लागते. हिशेबाच्या कामाला तो मी सुचवणार नाही.

पॅड हवा असेल तर तीन मार्ग आहेत, आणि त्यांपैकी बिनखर्चाच्या मार्गाकडे सर्वांत कमी लोक वळतात. तो म्हणजे आहे तोच पूर्ण कीबोर्ड ठेवून माउस डाव्या हाताला घेणे. आकडे उजव्या हाताने, माउस डाव्या हाताने. उजवा हात पॅडवरून हलतच नाही. पहिले तीन-चार दिवस डावा हात अडखळतो, चौकटीतले लहान बटण सापडत नाही, आणि जुन्या जागी परतावेसे वाटते. तो मोह टाळण्यासाठी पहिल्या आठवड्यात बारीक काम नसलेल्या वेळीच, म्हणजे मेल वाचताना किंवा पाने खालीवर करताना, डावा हात वापरावा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये माउसचे मुख्य बटण उजवे करता येते, पण मी ते बदलले नाही, कारण दुसऱ्याच्या संगणकावर बसल्यावर बोटांचा गोंधळ होतो. उजव्या हाताच्या आकाराला साचेबंद केलेला माउस मात्र डाव्या हातात चालत नाही. दोन्ही बाजूंनी सारखा असलेला साधा माउस घ्यावा.

दुसरा मार्ग म्हणजे ८७ कळांचा कीबोर्ड आणि सुटा नंबर पॅड. सुटा पॅड गरजेपुरता काढता येतो, काम झाल्यावर मॉनिटरमागे सारता येतो, आणि मुख्य म्हणजे डावीकडेही ठेवता येतो. डावखुऱ्या व्यक्तीला हे वरदानच आहे, कारण तिला बिल उजव्या हाताने उलटत डाव्या हाताने आकडे भरता येतात. उजव्या हाताने माउस धरून डावीकडच्या पॅडवर आकडे भरणारेही अनेक जण असतात. फक्त डाव्या हाताला पॅड घेतला की बोटांचा क्रम उलटतो: तर्जनी ६ वर, अनामिका ४ वर, आणि मोठी बेरजेची व एन्टरची कळ तर्जनीच्या बाजूला येते. हे नव्याने शिकावे लागते. सुटा पॅड घेताना ०० ही कळ आहे का ते पाहावे. ज्यांच्या रकमा हजार-लाखांच्या गोल आकड्यांत असतात त्यांची बरीच दाबादाबी वाचते.

तिसरा मार्ग म्हणजे पॅड अक्षरांना चिकटवून रुंदी कमी केलेला कीबोर्ड. त्याची रुंदी ८७ कळांच्या कीबोर्डपेक्षा जेमतेम एखादा सेंटिमीटर जास्त असते. पण त्यात बाणांच्या कळा आणि पॅड यांमधली मोकळी फट जाते आणि न बघता हात टेकवताना बोट शेजारच्या ओळीत पडते. कित्येक नमुन्यांत ० ची रुंद कळ अर्धी केलेली असते. ज्यांचा अंगठा त्या रुंद कळेवर बसलेला आहे त्यांनी दुकानात पाच मिनिटे टाईप करून मगच ठरवावे.

लॅपटॉपच्या अंगच्या पॅडविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. १५.६ इंची लॅपटॉपवर तो बहुधा मिळतो, पण त्यासाठी अक्षरे आणि टचपॅड डावीकडे सरकवलेले असतात, त्यामुळे पडद्याचा मध्य एकीकडे आणि हातांचा दुसरीकडे होतो. कळाही अनेकदा अरुंद असतात. मुख्य काम हिशेबाचे असेल तर पॅड नसलेला लॅपटॉप आणि सुटा पॅड हीच जोडी बरी.

कळ कशी दाबली जावी ही मात्र शुद्ध आवडीची बाब आहे, आणि तिथे दुसऱ्याच्या सल्ल्याला मर्यादा आहेत. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये साधारणपणे कळ चार मिलिमीटर खाली जाते आणि दोन मिलिमीटरवरच अंक उमटतो. कळेखालचे लाल स्विच सरळ खाली जाते, तपकिरी स्विच मध्ये हलकासा अडथळा देते, निळे स्विच टक् असा आवाज करते. मला आकड्यांसाठी तपकिरी आवडते, कारण अंक उमटल्याचे बोटाला कळते आणि मान वर करून पाहावे लागत नाही. शेजारी फोनवर बोलणारे सहकारी असतील तर निळे स्विच आणू नये.

चौथी पायरी: नमलॉक आणि इतर व्यवस्था लावणे

१९८१ च्या आयबीएम पीसीच्या ८३ कळांच्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. पॅडच दोन्ही कामे करीत असे आणि नमलॉक ही कळ त्यांमध्ये अदलाबदल करीत असे. पुढे १०१ कळांच्या कीबोर्डवर बाण वेगळे झाले, तरी नमलॉक राहिले. आज बहुतेकांना ते कायम चालूच हवे असते. संगणक सुरू करताना ते बंद राहत असेल तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, नमलॉकची नोंद शोधून ती चालू करावी. लिनक्सवर केडीई या डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंग्जमध्ये ही सोय आहे. मॅकवर नमलॉक नसतेच. तिथे त्या जागी क्लिअरची कळ असते आणि पॅडवर नेहमी अंकच उमटतात.

दोन बिघाड वारंवार दिसतात, आणि त्यांपायी चांगले कीबोर्ड दुकानात परत जातात. पहिला म्हणजे अंक न उमटता माउसचा बाण हलू लागणे. विंडोजमध्ये डावीकडच्या आल्ट आणि शिफ्टसोबत नमलॉक दाबले की माउस कीज ही सोय चालू होते. त्याच तीन कळा पुन्हा दाबल्या की ती बंद होते. दुसरा बिघाड काही जुन्या, लहान लॅपटॉपवर सुटा पॅड जोडल्यावर होतो. त्यांच्या अक्षरांतच पॅड दडवलेला असतो: यू, आय, ओ या कळा ४, ५, ६ होतात आणि जे, के, एल या कळा १, २, ३. विंडोजमध्ये नमलॉकची स्थिती सर्व जोडलेल्या कीबोर्डांना एकच लागू होते, म्हणून सुट्या पॅडवर ते चालू केले की लॅपटॉपची अक्षरेही अंक देऊ लागतात. अशा वेळी नमलॉक बंद असतानाही अंकच पाठवणारा पॅड मागून घ्यावा. काही पॅडमध्ये ही सोय असते.

शिफ्ट दाबलेली राहिली तर विंडोजमध्ये नमलॉक चालू असूनही ७ ऐवजी ओळीच्या सुरुवातीला आणि १ ऐवजी शेवटाला उडी जाते. म्हणून पॅडवर असताना डावा हात शिफ्टपासून दूर ठेवावा.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. भाषा मराठी केली तरी पॅडमधून सहसा इंग्रजी अंकच उमटतात. हिशेबाच्या पत्रकात तेच इष्ट आहे, कारण बेरीज-वजाबाकीसाठी आकडे इंग्रजी अंकांत भरणे सुरक्षित असते. देवनागरी अंकांतली यादी छापायची असेल तर ते रूपांतर सर्वांत शेवटी, छपाईच्या प्रतीतच करावे.

पाचवी पायरी: बोटे बसवणे

५ च्या कळेवर एक बारीक उंचवटा असतो. तिथे मधले बोट टेकवावे. तर्जनी ४ वर, अनामिका ६ वर, करंगळी बेरजेच्या चिन्हावर आणि अंगठा ० वर. तर्जनीने १, ४, ७. मधल्या बोटाने २, ५, ८. अनामिकेने ३, ६, ९ आणि टिंब. करंगळीने वजा, बेरीज आणि एन्टर. बोट प्रत्येक वेळी आपल्या घरी, म्हणजे ४-५-६ च्या ओळीत, परतले पाहिजे. मनगट टेबलावर दाबून धरू नये, नाहीतर वरच्या ७-८-९ साठी बोटे ताणावी लागतात.

सरावासाठी जुन्या बिलांचा गठ्ठा पुरेसा आहे. रोज १५ मिनिटे, नजर कायम कागदावर, आणि डाव्या हाताची तर्जनी कागदावरच्या चालू ओळीवर. पहिल्या आठवड्यात वेगाकडे बघू नये. डाटा एन्ट्रीच्या काही सरकारी परीक्षांत तासाला ८००० कळा दाबण्याची अट असते, म्हणजे सेकंदाला दोनाहून थोड्या अधिक. नियमित सरावाने हा वेग अवघड वाटत नाही.

पॅडवरून हात न उचलता काय काय करता येते, हे लक्षात आले की खरा फायदा दिसतो. पॅडवर बरोबरचे चिन्ह नसते, पण एक्सेलमध्ये सूत्र बेरजेच्या चिन्हानेही सुरू करता येते: +४५०+३२०+१२५ लिहून एन्टर दाबले की बेरीज तयार. तारीख वजा किंवा तिरकी रेघ वापरून लिहावी, म्हणजे तीही पॅडवरूनच होते. रकमांत नेहमी पैसे येत असतील तर एक्सेलच्या ऑप्शन्समधील अ‍ॅडव्हान्स्ड भागात दशांश टिंब आपोआप घालण्याची सोय आहे. दोन स्थळे ठरवली की १२५५० लिहिल्यावर १२५.५० उमटते. ही सोय काम संपताच बंद करावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळ्या रकमा शंभरपटीने घटतील.

सहावी पायरी: आपल्या चुकांची जात ओळखणे

पॅडवर ७-८-९ वर असतात आणि मोबाईलवर १-२-३ वर. ही दुफळी जुनी आहे. बेरजेच्या यंत्रांवर ७-८-९ वर ठेवण्याची रचना अमेरिकेत डेव्हिड सुंडस्ट्रँड यांच्या यंत्राने १९१४ च्या सुमारास आणली आणि कॅल्क्युलेटरने तीच उचलली. टेलिफोनसाठी मात्र बेल लॅबोरेटरीजने वेगवेगळ्या मांडण्या लोकांकडून दाबून घेतल्या, तो अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध केला, आणि १९६३ मध्ये बटणांचे टेलिफोन आले ते १-२-३ वर घेऊन. कार्ड स्वाइप करण्याचे यंत्र आणि एटीएम त्याच वाटेने गेले.

दुकानाच्या गल्ल्यावर कार्डचे यंत्र आणि संगणक असे दोन्ही एकच माणूस चालवत असेल तर हाताची गफलत होते, आणि ती विशिष्ट प्रकारची असते: वरची आणि खालची ओळ अदलाबदल होते, मधली जागच्या जागी राहते. १२७५ चे ७८१५ होते. ४, ५, ६ आणि ० हे अंक कधीच बिघडत नाहीत. अशा चुकीमुळे येणाऱ्या फरकाला ६ ने नेहमी भाग जातो. एकच अंक फिरला असेल तर फरक थेट ६, ६० किंवा ६०० असतो. एका व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीत मी दोन तास शोधत असलेला ६०० चा फरक असाच सापडला: ११५० ची पावती १७५० म्हणून चढली होती आणि ती माझ्याच हातची होती.

याउलट शेजारचे दोन अंक उलटे पडले, म्हणजे ५४३० चे ५३४० झाले, तर फरकाला ९ ने भाग जातो. इथे फरक ९० आहे. त्यामुळे तेरीज, म्हणजे जमा आणि नावे बाजूंच्या बेरजांचा ताळा, जुळली नाही की आधी फरकाला ९ ने आणि मग ६ ने भागून पाहावे. १८ सारख्या फरकाला दोन्हींनी भाग जातो, तेव्हा दोन्ही प्रकार तपासावेत. भाग गेला म्हणजे चूक सापडली असे नव्हे, पण कोणत्या नोंदी आधी बघायच्या हे ठरते. ९ ने भाग जात असेल तर लगतचे अंक वेगळे असलेल्या रकमा पाहाव्यात. फक्त ६ ने जात असेल तर १, २, ३, ७, ८, ९ असलेल्या रकमा, आणि त्यांतही कार्डचे यंत्र वापरल्यानंतर लगेच भरलेल्या आधी.

दोन्ही यंत्रांवर काम करणाऱ्याने मी करते ती गोष्ट करून पाहावी: कार्डच्या यंत्रावर फक्त तर्जनी वापरायची आणि पॅडवर कायम तीन बोटे. हाताची ठेवण वेगळी झाली की बोटे दोन्ही मांडण्या वेगवेगळ्या लक्षात ठेवतात. हे अंगवळणी पडायला मला साधारण एक महिना लागला, आणि तोवर प्रत्येक पानाच्या पहिल्या रकमेपूर्वी ५ वरचा उंचवटा चाचपून मगच मी आकडा भरत असे.